काकूंच्या कापडाला कात्री

काकूंच्या घरात कात्री नव्हती. विळी होती, अडकित्ता होता, काकांच्या दाढीची ब्लेडं होती, सुया तर डबाभर होत्या. पण कात्री नव्हती. बिस्किटांचे पुडे त्या दातांनी फोडत. मी त्यांच्या मागच्या खोलीत भाडेकरू म्हणून आले त्याच आठवड्यात पोस्टरचे कागद कापायला मी कात्री मागितली, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जणू चहाच्या वेळी दारू मागितली.

"आमच्यात न्हाई ठेवत," त्या म्हणाल्या आणि वळून स्वयंपाकघरात गेल्या.

मला वाटलं, काहीतरी व्रत असेल, सोवळंओवळं असेल. माझ्या कामातल्या, म्हणजे कामगार संघटनेतल्या, माणसाला सगळीकडे अंधश्रद्धाच दिसते. मी मनातल्या मनात त्यावर एक खरमरीत परिच्छेदही रचून टाकला. तो वाया गेला. काकू मागावर कापड विणत, हाताने विणलेल्या कापडाला कात्री लावायची नाही हा त्यांचा नियम होता, आणि मोह नको म्हणून हत्यारच घरात नको. मामला एवढाच होता. साधा, आणि टोकाचा.

माग म्हणजे तरी काय? खिडकीची जुनी चौकट, तिच्या दोन्ही टोकांना दाटीने ठोकलेले खिळे, आणि दोरीने आवळलेली एक पट्टी. एक टोक मांडीवर, दुसरं भिंतीला. यावर हातभर रुंदीचं लांबच लांब लोकरीचं कापड निघे आणि त्याची काकू पिशवी करत. पिशवीसुद्धा न कापता. पट्टी तीन ठिकाणी दुमडायची, कडेला कड जोडायची, शेवटचा भाग झाकण म्हणून पुढे टाकायचा, आणि टोकाला लोंबणाऱ्या धाग्यांचीच वेणी घालून खांद्याचा पट्टा. एक चिंधी म्हणून उरत नसे. "उरलं म्हंजे चुकलं," असं त्यांचं म्हणणं.

माझ्या खांद्याला एक शबनम असे, आमच्या क्षेत्रातल्या सगळ्यांच्या खांद्याला असते तशी. काकूंनी पहिल्या दिवशी ती दोन बोटांत धरून उजेडाला लावली, आतली शिवण उलटी करून बघितली, आणि परत दिली. काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं फार लागायचं. त्यानंतर मी कितीतरी आडून सुचवलं की माझी शबनम फाटत आली आहे. एकदा तर सरळच म्हटलं, काकू, मला एक पिशवी करून द्या ना.

"तुला पिशवी कशाला? पोतं घे. तुझी पत्रकं किती असत्यात."

त्या मला हाक मारायच्याच "ए पत्रक" अशी. घराण्याचं नाव असावं तशी.

आता मी स्पष्टच लिहिते: हातमागवाली बाई म्हटल्यावर मला आयता विषय मिळाला असं वाटलं होतं. काकू इचलकरंजीच्या. वडिलांचे हातमाग होते, मग गावात यंत्रमाग आले. मी वही-पेन घेऊनच बसले. म्हटलं, यंत्रमागांनी तुमच्या घरावर काय वेळ आणली ते सांगा.

"काय वेळ? आमच्या अण्णांनी स्वतः घेतले की यंत्रमाग. मोठं घर बांधलं. माझं लग्न काय थाटात केलं त्यांनी, तुला सांगते..."

आणि लग्नाच्या जेवणावळी सांगू लागल्या. मी वही मिटली. त्यांना कशाचंही दुःख नव्हतं, त्या गरीब नव्हत्या, दबलेल्या नव्हत्या आणि नम्र तर मुळीच नव्हत्या. "माझ्यासारखं कापड ह्या शहरात कुणाला येत न्हाई," हे त्या भाजी घेताना रेहडीवाल्यालाही सांगत. रेहडीवाला म्हणे, "हां जी, पक्का."

काका सरकारी हिशेब तपासणीच्या कचेरीत. पंजाब-हरियाणा वेगळे झाले आणि हे शहर दोघांचं झालं, त्या सुमाराला त्यांची इकडे बदली झाली. पहिल्याच हिवाळ्यात काकूंच्या हातून ती गोष्ट घडली जिच्यावर आपली इथली मराठी मंडळी अजून हसतात. हसणाऱ्या प्रत्येक घरात तीच गोष्ट घडलेली असते, ते कोणी सांगत नाही. आपल्याकडे लोकर कोणी पाहिलेली असते? काकांनी नवा कोरा स्वेटर घेतला. तो मळला. काकूंनी सुती धोतर धुवावं तसा तो उकळत्या पाण्यात सोडा घालून भिजवला आणि धोपाटण्याने बडव बडव बडवला. पिळून झटकला तेव्हा तो शेजारच्या तान्ह्या पोराला बसेल एवढा झाला होता.

दुसरी कोणी असती तर रडली असती, नाहीतर लपवला असता. काकू तो स्वेटर घेऊन दिवसभर उन्हात बसल्या. ताणून बघितला, दाबून बघितला. विणीची भोकं नाहीशी झाली होती. धागा धाग्याला असा चिकटला होता की नमद्यासारखा जाड, घट्ट तुकडा हाताला लागत होता. पाणी ओतलं तर वरच राहिलं. संध्याकाळी काका घरी आले आणि आपला स्वेटर बघून खाली बसले. काकू म्हणाल्या, "बसू नका. खिडकीची जुनी चौकट आणा कुठनं तरी."

हा प्रसंग मी काकांच्या तोंडून ऐकला. सांगताना ते हसले नाहीत. म्हणाले, "त्या दिवशी हिच्या चेहऱ्यावर जे होतं ना, ते मी लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं."

लोकांच्या लेखी विणणं म्हणजेच सगळं काम. काकूंच्या लेखी विणणं ही नुसती तयारी. खिळ्यांवरून कापड उतरलं की खरं काम सुरू. आधी ते खिडकीच्या काचेला लावून उजेडात बघायचं, कुठे धागा उडी मारून गेला असेल तर बोथट सुईने तो परत जागेवर न्यायचा. गाठ तर कुठेच नाही. धागा संपला की पुढच्या धाग्याचं टोक मागच्याच्या टोकावर बोटभर चढवून दोघांना एकाच वाटेने न्यायचं. मग मागच्या अंगणात घमेलं. रिठ्यांचं पाणी, हाताला सोसेल त्याच्या जरा पलीकडचं गरम. त्यात कापड, आणि कापडावर काकू. पातळ वर खोचून, काकांचा जुना कोट घालून त्या त्यात पाय देत उभ्या राहत. गरम पाणी, मग नळाचं गार पाणी, पुन्हा गरम. जानेवारीत इथल्या नळाचं पाणी म्हणजे सुया. त्यांचे पाय लालबुंद होत आणि तोंडाने त्या काकांना बादल्यांसाठी हाका मारत राहत.

मला ती सगळी धडपड निरर्थक वाटायची. एकदा म्हटलं, अहो, विणून तर झालंय, कापड तयार आहे.

घमेल्यातूनच त्यांनी मला ऐकवलं. "कापड कुठाय? ही नुसती धाग्यांची गर्दी हाय. गरम पाण्यात घातलं, की कळतंय कोण कुणाला धरून ऱ्हातंय ते."

संघटनेवर मी पुस्तकं वाचली होती, शिबिरं केली होती, पत्रकं लिहिली होती. एवढं कोणी मला सांगितलं नव्हतं. त्यांना विचाराल तर त्या फक्त लोकरीबद्दल बोलत होत्या.

धुऊन झालं की पिळायचं. पिळायला दोन माणसं लागतात, आणि दुसरं माणूस कोण हे काकू ठरवत. काका चालत. मी नाही. मी हात पुढे केला की म्हणायच्या, "तू नको. तू ओढतेस. हाताला धीर न्हाई तुझ्या." शेवटी सावलीत सुकवणं, अर्धवट ओलं असतानाच कोळशाची इस्त्री, मग शिवण, मग पिशवीत विटा भरून ती अंगणातल्या पेरूच्या झाडाला लटकवायची. दव, पाऊस, धूळ, चिमण्या, सगळं तिच्यावरून जायचं. काकूंना वाटेल तेव्हा ती उतरे, आणि काकूंना वाटेल त्यालाच मिळे. त्यांनी एकही पिशवी कधी विकली नाही.

चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतून एकदा एका कर्नलसाहेबांच्या पत्नी जीपमधून आल्या होत्या. पुण्याच्या. लष्करातल्या बायकांचा मेळावा होता, त्यांना स्टॉलसाठी अशा पिशव्या हव्या होत्या. पेरूखाली उभ्या राहून त्या फार गोड बोलल्या. फक्त आकार थोडा लहान हवा होता, कोपरे गोल हवे होते आणि वर चेन.

"कोपरे गोल कशे करणार?" काकूंनी विचारलं.

"अहो, कापून घ्यायचे."

काकूंनी त्यांना चहा दिला, चिवडा दिला, हळदीकुंकू लावलं, जीपपर्यंत पोचवलं, आणि पिशवीबद्दल पुन्हा एक अक्षर काढलं नाही. जीप गेल्यावर म्हणाल्या, "बाई चांगली हाय. पण बाईचे कोपरे कापलेत कुणीतरी." मला हे वाक्य इतकं आवडलं की एका पत्रकात घातलं. आमच्या मंडळींनी खोडलं, म्हणाले अर्थ लागत नाही.

आता शांतीबद्दल सांगायला हवं.

शांती इंडस्ट्रियल एरियातल्या एका लोकरी कपड्यांच्या कारखान्यात यंत्रावर होती. राहायची मजुरांच्या वस्तीत. ज्यांनी हे आखीव शहर विटेवर वीट ठेवून उभारलं, त्यांना शहराच्या आखणीत जागा नाही, ती वस्ती. (हे मी पूर्वी छापलं आहे, पुन्हा लिहायला मला काही वाटत नाही.) कारखान्याच्या गेटवर रोज संध्याकाळी बायकांची झडती व्हायची आणि घेणारा पुरुष चौकीदार. धागा लपवला आहे का बघायचं, या नावाखाली. सगळ्या मान खाली घालून जायच्या. शांती पहिली, जी थांबली आणि म्हणाली की पिशवी बघ, अंगाला हात लावायला बाई आण. म्हणून आमची ओळख झाली.

ती एका रविवारी माझ्याकडे आली तेव्हा काकू ओलं कापड घेऊन अंगणात उभ्या होत्या आणि काका बाजारात गेले होते. काकूंनी तिच्याकडे बघितलं, कापडाचं एक टोक पुढे केलं, "धर." शांतीला मराठी कळत नव्हतं, पण टोक कळलं. दोघींनी पीळ घातला. काकू डावीकडे, शांती उजवीकडे, मध्ये पाण्याची धार. शेवटचा थेंब गेल्यावर काकू मला म्हणाल्या, "हिच्या हाताला कळतंय." मला इतक्या वर्षांत कुणाचा एवढा हेवा वाटला नव्हता.

पेरूवरची पुढची पिशवी शांतीला मिळाली. मोरपिशी रंगाची. तिचा आडवा धागा सगळा कबाड्याच्या, म्हणजे इथल्या भंगारवाल्याच्या, पोत्यातला होता. कारखान्यांत यंत्राच्या पात्याखाली लोकरीची टोकं कापली जातात, ती झाडून पोत्यात भरतात, कबाडी नेतो, यंत्रं पुसायला विकतो. कबाड्याच्या पोत्यातून वीतभर लांबीचे तुकडे वेचून काकूंनी ते एकमेकांवर चढवत विणले होते. शांती त्या पिशवीत भाकरीचा डबा न्यायची.

महिनाभराने, जानेवारीत, तिला गेटवर अडवलं.

मोरपिशी रंग त्या कारखान्याने एका बाहेरच्या ऑर्डरसाठी मुद्दाम रंगवून घेतला होता. तसा दुसरीकडे कुठे नव्हता. चौकीदाराने पिशवी मॅनेजरसमोर टाकली. मॅनेजर म्हणाला, चोरीच्या लोकरीची आहे. चोरी केली असं लिहून दे आणि नोकरी सोडून जा, नाहीतर सकाळी पोलीस. झडतीबद्दल तोंड उघडणारी बाई अशी घालवता आली तर कोणाला नको होतं! दोन मुलं आणि छातीचा विकार असलेला नवरा, सगळं घर तिच्या त्या कामावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या शेजारणीने मला हे येऊन सांगितलं. मी रागारागाने पत्रक लिहायला बसले. मजकूर चांगला जमत होता. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "मोरपिशी? झाकणाला दुहेरी कड असलेली?" मग पायात कॅनव्हासचे बूट चढवले, पातळावर काकांचा कोट घातला आणि माझ्या सायकलच्या कॅरियरवर बसल्या. वाटेतल्या प्रत्येक चौकाला, गोल वळसा घेताना, त्या माझ्या पाठीत बोट खुपसून हळू चालव म्हणत होत्या.

मॅनेजरच्या खोलीत शांती कोपऱ्यात उभी होती. टेबलावर पिशवी आणि तिच्याशेजारी त्याच रंगाची लोकर गुंडाळलेला नवा शंकूसारखा कोन. मॅनेजर चाळिशीचा, चष्मेवाला, आरडाओरडा करणारा नव्हे. तो शांतपणे बोलत होता आणि म्हणूनच मला भीती वाटली. पत्रक शांत माणसावर चालत नाही.

काकूंनी त्यांच्या हिंदीत सांगितलं की ही पिशवी मैंने बनाया, इसको मैंने दिया, और लोकर कबाडी का है. मॅनेजरने ऐकून घेतलं. मग पिशवी उचलून त्यांच्यापुढे धरली.

"माताजी, मैं इसी धंधे में हूँ. छाँटन का, टुकड़ों का कपड़ा मैं पहचानता हूँ. गाँठें होती हैं. इसमें एक गाँठ दिखा दीजिए. एक जोड़ दिखा दीजिए. यह तो पूरे कोन का माल है."

आणि काकू हसल्या. खूष झाल्या. खरंच सांगते, त्यांचा चेहरा उजळला. समोर एक बाई पोलिसांच्या हातात जाणार होती आणि ह्यांना आपल्या कापडाची तारीफ ऐकून आनंद झाला होता. मला त्यांना हलवावंसं वाटलं. पण क्षणातच हसू गेलं. त्यांच्याही लक्षात आलं. त्यांनी काम इतकं चोख केलं होतं की कापडात पुरावाच उरला नव्हता.

त्या म्हणाल्या, तळाची कड उसवून दाखवते, धागे काढून दाखवते. मॅनेजरने नकारार्थी मान हलवली. कडेला काय, कोणीही दोन तुकडे लावून ठेवील. त्याने पेनाचं टोपण पिशवीच्या बरोबर मध्यावर टेकवलं.

"यहाँ से खोलिए. तब मानूँगा."

बाहेर यंत्रांचा आवाज चालू होता. शांती कोपऱ्यातून पुढे आली. तिला तो नियम माहीत होता, रविवारी अंगणात मीच तिला गंमत म्हणून सांगितला होता. ती म्हणाली, "रहने दो आंटीजी. काम दूसरा मिल जाएगा. इसको मत काटो."

स्वतःच्या नोकरीसाठी नाही, ती पिशवीसाठी बोलत होती. मला त्या वेळी काय वाटलं ते मी कुठल्याच पत्रकात लिहू शकलेले नाही.

"तू चुप बैठ," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "ए पत्रक. तुझी कागदाची कात्री."

पोस्टरसाठी मी नंतर विकत घेतलेली कात्री शबनममध्येच असे, ती काढून दिली. कात्री कशी धरायची हेच त्या विसरल्या होत्या. अंगठा चुकीच्या बाजूने घातला, परत काढला, नीट घातला. मग मॅनेजरला विचारलं, "किधर काटूँ, बोलो. बराबर बोलो." त्याने पुन्हा टोपण टेकवलं. काकूंनी आडव्या धाग्याच्या रेषेत पातं लावलं, आणि पिशवी या कडेपासून त्या कडेपर्यंत कापली. जाड पुठ्ठा कापल्यासारखा आवाज झाला. मॅनेजर पेन हातात धरून बघत राहिला. तिने खरंच कापली, असं त्याला वाटलं असावं.

कापलेली कड टेबलावर तशीच्या तशी उभी राहिली. एक तंतू सुटला नाही. काकूंनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि मराठीत, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बघ. सोडत न्हाईत एकमेकाला."

मॅनेजर मागे रेलला. त्याच्या दृष्टीने हा निकाल होता. काकूंनी अंबाड्यातला आकडा काढला. केस पाठीवर सुटले. आकड्याचं टोक त्यांनी कापलेल्या कडेत घातलं आणि एक धागा हळूहळू उकलायला लागल्या. तो तुटला. दुसरा तुटला. नुसता भुगा आला. स्वतःच्या पायांनी, घमेल्यात उभं राहून, जे त्यांनी एकजीव केलं होतं तेच आता त्यांना बोटांनी वेगळं करायचं होतं, आणि ते ऐकत नव्हतं. त्यांच्या कपाळावर घाम आला. जानेवारीत. एरवी दर मिनिटाला हाका मारणारी ही बाई एक शब्द बोलत नव्हती. ओढत नव्हती. आकडा आत सरकवायचा, थांबायचं, पुन्हा सरकवायचा. हाताला धीर म्हणजे काय, ते मी तेव्हा बघितलं.

एक धागा निघाला. पूर्ण. वीतभर.

"टूट गया है," मॅनेजर म्हणाला.

काकूंनी धाग्याचं टोक त्याच्या चष्म्यासमोर धरलं. तुटलेल्या लोकरीचं टोक विस्कटतं. हे टोक यंत्राच्या पात्याने कापलेलं, सरळ होतं. दुसरं टोकही तसंच. धागा ठेवायला पांढरं काहीतरी हवं होतं. मी माझं अर्धवट पत्रक उलटं करून टेबलावर ठेवलं. काकूंनी त्यावर तो धागा ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. कुठला वीतभर, कुठला त्याहून आखूड. आणि सुटे ठेवल्यावर त्यांचे रंगही वेगळे दिसायला लागले. एक जरा हिरव्याकडे, एक निळ्याकडे, एक फिकट. कापडात असताना सगळे एकच मोरपिशी होते.

जेवणाची सुट्टी झाली होती. दारात बायका गोळा व्हायला लागल्या. चौकीदार त्यांना हटवत होता, पण त्या हटत नव्हत्या.

शेवटी मॅनेजरने काकूंच्या हातून आकडा मागून घेतला. त्याला स्वतः काढून बघायचं होतं. तो धंद्यातला माणूस होता, त्याची बोटं बरी चालली. एक धागा काढला, आखूड. जागा बदलून दुसरा काढला, आखूड. तिसरा काढताना तो काय सिद्ध करायला बसला आहे हे विसरल्यासारखा वाटला. दोन्ही टोकं कुठे एकावर एक चढली आहेत ते तो शोधत होता. त्याला सापडत नव्हतं. मग त्याने आकडा टेबलावर ठेवला.

"एक-एक टुकड़ा," तो स्वतःशीच म्हणाला. नंतर चौकीदाराला म्हणाला, हिचं हजेरीचं कार्ड परत दे.

माफी त्याने मागितली नाही. मी ती मागणार होते, लेखी मागणार होते, तोंड उघडलंही होतं. पण दारातल्या बायकांमधून कोणीतरी आधी बोललं. शांतीच्या शेजारच्या यंत्रावरची, गेटवर कायम मान खाली घालून जाणारी बाई. ती म्हणाली, आज हमारी तलाशी कौन लेगा? तिच्या मागून दुसरी बोलली. मग सगळ्या. त्या संध्याकाळी गेटवर कोणाच्या अंगाला हात लागला नाही, आणि नंतर झडतीला बाई नेमली गेली. त्यासाठी आणखी बरंच भांडावं लागलं, ते सगळं आम्ही छापलेलं आहे. हे मात्र छापलेलं नाही, की ते सुरू झालं तेव्हा माझं पत्रक टेबलावर पालथं पडलेलं होतं आणि त्यावर लोकरीचे तुकडे होते.

परत येताना काकूंनी कॅरियरवरून पाठीत बोटही खुपसलं नाही. पिशवीचे दोन अर्धे भाग त्यांच्या मांडीवर होते. ते तुकडेही त्यांनी वेचून माझ्या पत्रकात पुडी बांधून घेतले होते. मी म्हटलं, काकू, पिशवी परत जोडता येईल का? त्या म्हणाल्या, "कापलेलं ते कापलेलं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्याचं बोट मात्र चांगलं होतं हां. मॅनेजरचं." मी पायडल जोरात मारलं.

दुसऱ्या दिवशी माझी कात्री माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर होती. गरम पाण्याने धुतलेली, पुसलेली, तेल लावलेली. मी ती नंतर त्यांच्या घरात आणली नाही, आमच्या कार्यालयात ठेवली.

पुढचे काही दिवस खिडकीची चौकट भिंतीला लागलेली दिसत होती. मी सभांमध्ये होते, लक्ष नव्हतं. एका दुपारी अंगणातून हाक आली. काका कचेरीत होते. काकू घमेल्याशेजारी उभ्या होत्या, पाय लाल, पातळ खोचलेलं, आणि हातात ओल्या कापडाची लांब पट्टी. मोरपिशी.

"शांतीची," त्या म्हणाल्या. आणि एक टोक माझ्यापुढे केलं. "धर."

मी दोन्ही हात पदराला पुसले. टोक धरलं. ते गरम होतं, जड होतं, जिवंत असल्यासारखं ओढत होतं.

"ओढू नको. नुसतं धर घट्ट. मी फिरते, तू फिरू नको."

पीळ बसत गेला. पाणी आमच्या दोघींच्या मध्ये पडत राहिलं. शेवटचा थेंब गेल्यावर त्यांनी पीळ उलगडला आणि कापड काचेवर धरावं तसं उन्हाकडे धरलं. म्हणाल्या, मॅनेजरच्या टेबलावरचे सगळे तुकडे ह्यात घातलेत, एकही टाकला न्हाई. बघ बरं सापडतात का.

मी बघितलं. नीट बघितलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत, नाक कापडाला लावून. तो हिरवट कुठला, तो फिकट कुठला, मॅनेजरने काढलेले कुठले. पत्रकावर मी त्यांच्याकडे इतका वेळ बघत बसले होते की मला ते ओळखू येतील याची खात्री होती.

"सापडले?"

"नाही."

"मग झालं कापड," काकू म्हणाल्या, आणि पुढे लागणाऱ्या विटा जमवायला गेल्या.